गुडघ्याला आत, घोट्याला बाहेर

मामी कुणाच्याच मामी नव्हत्या. मामांना बहीणच नव्हती, तेव्हा भाचरं येणार कुठून? पण दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यानं पहिल्याच दिवशी नवऱ्याला मामा आणि बायकोला मामी करून टाकलं, आणि तेव्हापासून पोस्टमनपासून गुरांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना तसंच म्हणायला लागले. मामा उंच. उंच म्हणजे किती, तर गोठ्याच्या दारातून आत यायचं तर मान खाली घालावी लागायची, आणि घाईत विसरले की कपाळावर टेंगूळ ठरलेलं. मामी त्यांच्या कोपराला लागायच्या. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं मामींना स्टुलावर उभं केलं होतं, तरी मामांचं अर्धं डोकं वर कापलं गेलंच.

रान मामांचं आणि गोठा मामींचा, अशी वाटणी त्यांच्या संसारात पहिल्यापासून होती. कुणी बसून ठरवली नव्हती, पडत गेली. मामा रानात कुंपणाची झटक्याची तार हलवत, गवताला पाणी देत, जादा गवत कापून खड्ड्यात दाबून त्याचा मुरघास करत. मामी धारा काढत, वासरं बघत, गव्हाणी झाडत, शेण भरत. "गाईचं तोंड ह्यांच्याकडं आणि शेपूट माझ्याकडं," असं त्या हसत सांगायच्या, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. गवत कसं दिसतं ते मामांना ठाऊक, त्या गवताचं पुढं काय होतं ते मामींना. कासेला हात लावला की गाय कशावरून फुगून बसलीय ते त्यांना कळायचं, आणि शेणाकडं नुसतं बघून ती काल काय जेवली तेही. पण रानात त्यांचं पाऊल क्वचितच पडायचं. तिकडं मामा होते ना.

ते रान तारेनं पट्ट्यापट्ट्यांत वाटलेलं होतं. गाई एका पट्ट्यात चरायच्या, तोवर बाकीचे पट्टे विश्रांती घेत वाढायचे, मग गाई पुढच्या पट्ट्यात. ह्या सगळ्या कारभाराचा कायदा एका ओळीत मावायचा: गुडघ्याला आत, घोट्याला बाहेर. म्हणजे गवत गुडघ्याएवढं झालं की गाई आत सोडायच्या, आणि घोट्याएवढं उरलं की मुकाट्यानं बाहेर काढायच्या. त्याच्याखाली खाऊ दिलं तर मुळांतली ताकद जाते आणि गवत पुन्हा उठायला फार दिवस लावतं. मामा हे जेवताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे, जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यालासुद्धा म्हणाले. तो बिचारा बँकेत कामाला. "बरोबर आहे बाबा," म्हणून त्यानं मान डोलावली आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मग मामांच्या छातीनं दगा दिला. दवाखान्यात शेवटच्या दुपारी त्यांनी मामींचा हात धरला आणि काहीतरी पुटपुटले. मामींनी कान तोंडाजवळ नेला.

"गुडघ्याला आत," मामा म्हणाले, "घोट्याला बाहेर. विसरू नकोस."

बाहेर बाकावर बसलेल्या मुलीनं डोळे पुसत विचारलं, "आई, बाबा काय म्हणाले?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस जाताना काहीतरी गोड बोलेल, असं कुणालाही वाटतंच की. "गवताचं बोलले गं," त्या म्हणाल्या, आणि हसू की रडू असं होऊन दोन्ही एकदमच आलं.

रानातला अर्धा हिस्सा भावजींचा. भावजी म्हणजे मामांचे धाकटे भाऊ, शहरात छापखान्यात कामाला. भावाएवढेच उंच, तेच लांबलचक पाय, तीच पुढं झुकून चालायची ढब. मनाचा चांगला माणूस, पण काळजी करायला लागला की समोरच्याच्या जिवाला घोर लावणारा. मामा गेल्यावर थोड्या दिवसांनी ते आले, स्वयंपाकघरात बसले आणि चहाचा कप हातातल्या हातात फिरवत राहिले.

"वहिनी, तुम्ही एकट्या. गाई विकून टाकू. रोपवाटिकेवाला रान भाड्यानं मागतोय. तुम्ही लेकीकडं जा, सुखानं राहा."

"लेकीकडं जाऊन करू काय? तिसऱ्या मजल्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू?"

"अहो, गोठ्यातलं तुम्हाला कळतं, मी कुठं नाही म्हणतो? पण रानातलं? ते तर सगळं दादाच बघायचा."

"मला नाही कळत," मामी म्हणाल्या. "पण ह्यांना कळत होतं, आणि ह्यांनी मला सांगून ठेवलंय. मी माझं काही चालवणार नाही, भावजी. त्यांचंच चालेल."

दादाचं नाव निघालं की भावजींचा हट्ट तिथंच मावळायचा. शेवटी ठरलं ते असं: पुढचा हिवाळा लागेपर्यंत गाई राहतील. तोवर रान आणि दूध नीट राहिलं तर पुढंही राहतील. नाही राहिलं, तर मामींनी एक शब्द न बोलता भावजींचं ऐकायचं. "ऐकेन," मामी म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या. डझनभर गाई, त्यातली एकेक त्यांच्या हातावर वाढलेली. त्या गेल्या तर पहाटे उठायचं कशासाठी, हे त्यांना खरंच सुचेना.

दुसऱ्या दिवसापासून मामींनी सकाळच्या धारा आटोपल्या की गोठ्यातले आपले गमबूट घालायचे आणि तारेखालून वाकून रानात शिरायचं. पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभं राहायचं आणि खाली आपल्या पायाकडं बघायचं. गवताचे शेंडे गुडघ्याला लागले? उद्या ह्या पट्ट्यात गाई. नाही लागले? पुढचा पट्टा बघा. "गुडघ्याला आत, घोट्याला बाहेर," शाळेत उजळणी म्हणतात तसं त्या तोंडानं म्हणायच्या. कधीकधी पुढं आणखी थोडं बोलायच्याही. "आज वारा फार आहे." "तुमची ती पाना-पक्कडीची पिशवी सापडली हो, चाऱ्याच्या पोत्यांमागं होती." एकट्या बाईला रानात कोण ऐकतंय?

आणि काय सांगावं, कारभार असा लागला की बघत राहावं. कळपाची म्होरकी होती एक तांबडी गाय, तिला सगळे हेडमास्तरीण म्हणायचे, कारण ती पुढं झाल्याशिवाय बाकीच्या पाऊल उचलत नसत आणि रांग मोडली की ती शिंग उगारायची. ही हेडमास्तरीण आता नव्या पट्ट्यात शिरली की मान खाली घालायची ती थेट पोट भरेपर्यंत वरच करायची नाही. गाई पट्टा कसा एकसारखा, स्वच्छ खाऊन निघायच्या. गवताच्या बुडाशी एक तीन पानांची नाजूक वेल असायची, मामांच्या वेळी ती सावलीत दबून कशीबशी जगायची. आता तिला ऊन मिळालं आणि ती रानभर पसरली. गाईंना ती इतकी आवडायची की आधी तीच शोधून खायच्या. पेंडीचं पोतं पूर्वीपेक्षा जास्त पुरायला लागलं. दूध वाढलं, दाटही झालं.

"मामी, ह्या गाईंना चोरून काय चारताय?" गाडीवाला कॅन उचलताना डोळे मिचकावून विचारायचा.

"चारतेय काय? ह्यांचा नियम आहे, तो पाळतेय फक्त."

"मग मामा असताना दूध असं का नव्हतं?"

"तुझं मापच तेव्हा खोटं असेल," मामी म्हणायच्या, आणि तो हसत गाडीत बसायचा. गवत पूर्वीपेक्षा लवकर लवकर तयार होतंय, गाई फिरून पहिल्या पट्ट्यावर लवकर येतायत, हे मामींच्याही लक्षात आलं होतं. पण त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की यंदा रान खूश आहे. आणि खूश का, तर त्या मामांचा शब्द पाळतायत म्हणून. ह्या एका विचारावर त्यांनी ते अख्खं वर्ष काढलं, सुखात काढलं. घरात भांडं पडल्याचा आवाज मोठा वाटायचा, जेवताना समोरची खुर्ची रिकामी दिसायची, पण रानात गेलं की मामा होते.

पावसाळा सरत आला तेव्हा कुंपणाचा एक खांब कलला, म्हणून भावजी सुट्टीच्या दिवशी हात लावायला आले. खांब उभा करून झाला, दोघं पुढच्या पट्ट्यात शिरले. मामी थांबल्या, नेहमीसारखं खाली बघितलं आणि म्हणाल्या, "झालं तयार. उद्या गाई सोडते इथं."

भावजी शेजारीच उभे होते. त्यांनीही खाली बघितलं. "वहिनी, इतक्यात? अजून गुडघ्याला कुठं आलंय? माझ्या तर जेमतेम नडगीला लागतंय. दादा असता तर अजून आठवडाभर थांबला असता."

मामींनी आधी भावजींच्या पायाकडं बघितलं, मग आपल्या, मग पुन्हा भावजींच्या. एकच गवत. त्यांच्या गुडघ्याला टेकलेलं, आणि शेजारी त्या लांब पायावर पार खाली राहिलेलं. तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. अहो, गुडघा कुणाचा? हा प्रश्न वर्षभरात एकदाही डोक्यात आला नव्हता. येणार कसा? मामांच्या शेजारी गवतात त्या कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या.

भावजी आपल्या नादात पुढं चालले होते, त्यांना काही कळलं नाही. मामींनी त्यांना जेवायला वाढलं, बसथांब्यापर्यंत सोडलं, आणि परत आल्यावर ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. वर्षभर आपण मामांना सांगत आलो की तुमचंच चाललंय, आणि चाललं होतं भलतंच! जाणाऱ्या माणसानं एक गोष्ट मागितली, तीही धड जमली नाही. रात्रीचं जेवण त्यांनी तसंच झाकून ठेवलं.

सकाळी त्यांनी गोठ्यामागून मामांची जुनी पँट काढली, जी फाडून पुसणं करायचं कधीपासून मनात होतं आणि हात होत नव्हता. गुडघ्यापाशी कापड झिजून पातळ झालेलं होतं. तिथपासून खालच्या शिवणीपर्यंत माप घेऊन, वर बुटाच्या तळव्याचं थोडं धरून, त्यांनी एका काठीला लाल चिंधी बांधली. हा मामांचा गुडघा. आता चिंधीला गवत लागल्याशिवाय गाई आत सोडायच्या नाहीत. झालं गेलं, इथून पुढं तरी शब्द पाळायचा.

वाट बघता बघता गवताला तुरे आले. दांडे जाड झाले, खालची पानं पिवळी पडली, ती तीन पानांची वेल पुन्हा अंधारात गेली. चिंधीला गवत लागलं तेव्हा मामींनी फाटक उघडलं. हेडमास्तरीण आत शिरली, दोन घास घेतले, मान वर केली आणि मागं वळून मामींकडं बघितलं. कोरी वही दाखवणाऱ्या पोराकडं बघावं तसं.

"माझ्याकडं काय बघतेस? खा!" मामी तिच्यावर खेकसल्या.

गाईंनी वरची कोवळी पानं ओरबाडली आणि दांडे तुडवून आडवे केले. पुढच्या पट्ट्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. दूध उतरायला लागलं. गाडीवाल्यानं पहिल्यांदा काही म्हटलं नाही, दुसऱ्यांदा म्हणाला, "मामी, तब्येत बरी आहे ना? म्हणजे गाईंची हो." मामी कॅन पुढं सरकवून गोठ्यात वळल्या. हिवाळा तोंडावर आलेला. भावजी येणार, दूध बघणार, रान बघणार, आणि त्यांनी काही म्हणायच्या आधीच निकाल लागलेला असणार. मुलीनं फोनवर विचारलं, "आई, आवाज असा का येतोय?" मामी म्हणाल्या, "तारेचा झटका बसला जरा," आणि विषय बदलला.

एकदा संध्याकाळी त्या गोठा साफ करत होत्या. फावडं शेणाला लावलं आणि हात थांबला. शेण घट्ट, उंच ढिगासारखं बसलेलं, आत न पचलेल्या दांड्यांचे तुकडे. गेलं वर्षभर ते कसं मऊ, पसरट पडायचं. हे घट्ट शेण आता हळूहळू पुन्हा आलं होतं.

पुन्हा? मामी फावड्यावर टेकून उभ्या राहिल्या. हे शेण त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. मामांच्या वेळी ऐन हंगामात असंच पडायचं. दरवर्षी. तेव्हाही फावडं असंच अडकायचं, तेव्हाही कास अशीच सैल लागायची, तेव्हाही त्यांच्या मनात यायचं की गवत जून झालंय, जरा आधी चारायला हवं होतं. मनात यायचं आणि मनातच राहायचं. रान मामांचं होतं ना! मामांनी कधी गोठ्यात येऊन विचारलं नाही, आणि मामींनी कधी रानात जाऊन सांगितलं नाही. दोघांनीही कधी मुद्दाम काही लपवलं नाही, आणि तरी अख्खा संसार हे न बोलताच झाला.

मामी फावडं तसंच टाकून रानात गेल्या. अजून उजेड होता. चिंधीच्या काठीसमोर उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांवर मोठ्यानं ओरडल्या.

"एकदा विचारायचं होतंत की हो! एवढे दारात टेंगळं आणायचात, तर आत येऊन एकदा विचारायचं होतंत, गाई काय म्हणतायत म्हणून! आणि मी तरी काय, तोंडाला कुलूप लावून बसले होते?"

मग त्या रडल्या, दवाखान्यात रडल्या नव्हत्या इतक्या. पदरानं नाक पुसलं. राग गेला तेव्हा मामांची आठवण तेवढी उरली, आणि ती नेहमीइतकीच दुखत होती. जाताना त्या माणसानं बायकोच्या हातात जे दिलं होतं ते त्याच्याकडचं सगळ्यात मोलाचं होतं. त्यापेक्षा गोड बोलायला त्याला येतच नव्हतं, हे मामींना आता कळलं. ते घेऊन त्या स्वतःच्या गुडघ्यानं मोजत पुढं चालल्या तर त्यात मामांचा अपमान कसला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाढलेले पट्टे कापायला लावले, कुट्टी करून खड्ड्यात दाबली, वर प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरून माती टाकली. उन्हाळ्यात भाकड गाईंना तो मुरघास पुरेल. चिंधीची काठी त्यांनी खड्ड्याच्या तोंडाशी रोवून ठेवली. मुरघासाच्या गवताला ते माप चालतं, तिथं मामांचंच राहू दे. आणि जो पट्टा त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याला लागला होता, त्याचं फाटक उघडलं. हेडमास्तरिणीनं आत पाऊल टाकलं, मान खाली घातली आणि दुपार होईतो कुणाकडं बघितलं नाही.

भावजी आले तेव्हा थंडी पडायला लागली होती. दूध सावरलं होतं, पण पार पूर्वीइतकं नाही. मधली उतरण गाडीवाल्यानं त्यांना रस्त्यावरच सांगून टाकली होती, त्याच्या पोटात काही राहत नाही. भावजी चहासुद्धा न घेता मामींबरोबर रानात आले. तोंड गंभीर. बोलायचं ठरवून आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. पट्ट्याच्या मधोमध दोघं थांबले.

"वहिनी," भावजी खाली बघत म्हणाले, "हे तर परत माझ्या नडगीलाच. आणि तुम्ही म्हणाला होतात की दादाचंच चालेल."

हो म्हणणं सोपं होतं. दादाचं नाव घेतलं की भावजी विरघळतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "पण नाही चालवलं. पहिल्यापासूनच नाही, मलाच ठाऊक नव्हतं. दूध वाढलं ते माझ्या गुडघ्यानं वाढलं, भावजी. मधे उतरलं ते ह्यांच्या गुडघ्यानं. ह्यांचा गुडघा ह्यांच्याबरोबर गेला. आता रानात माझा आहे, आणि हा एवढाच उंच आहे. त्यावर गाई ठेवायच्या तर ठेवा, नाहीतर रोपवाटिकेवाल्याला बोलवा. पण त्यांच्या नावावर मी आता एक दिवससुद्धा मागणार नाही."

पलीकडच्या पट्ट्यात गाई चरत होत्या, गवत तोडल्याचा तो बारीक करकर आवाज येत होता. भावजींनी गाईंकडं बघितलं, मुरघासाच्या खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या लाल चिंधीकडं बघितलं, मग आपल्या लांब पायाकडं आणि शेजारच्या लहानशा गमबुटांकडं. एकदम त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"दादानं फोटोत तुम्हाला स्टुलावर उभं केलं होतं," ते म्हणाले.

"फोटोवाल्यानं केलं होतं. ह्यांना कुठलं सुचतंय?"

भावजींनी बाह्या सरसावल्या. वाकून कुंपणाच्या खुंट्यांचा जुडगा उचलला, तारेची रीळ काखेत मारली, आणि दोन पावलं पुढं जाऊन थांबले. रान त्यांच्या भावाचं होतं तेव्हा ते कधी असे थांबले नव्हते.

"वहिनी," ते म्हणाले, "तार कुठं लावू?"